काउंटीचं मध्यक उत्पन्न: मधली वर्षं सरळ रेषेनं भरू नका

प्रश्न असा आला आहे: "सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी मला अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांचं घराचं मध्यक उत्पन्न १९९० पासून आजपर्यंत, दरवर्षीचं हवं आहे. १९९० आणि २००० च्या जनगणनेतले आकडे मिळाले, २००९ पासून पुढचे एसीएसचे पाच वर्षांचे आकडेही मिळाले. मधली वर्षं सरळ रेषेनं भरली तर चालेल का? आणि हेच काम महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठी करता येईल का?"

आधी शब्द: काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, मध्यक उत्पन्न म्हणजे सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं लावली की बरोबर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न, आणि एसीएस म्हणजे तिथल्या जनगणना विभागाची दरवर्षीची मोठी नमुना पाहणी. सरळ रेषेनं भरू नका, हे आधीच सांगते. १९९०-९१ ची मंदी आणि त्यानंतरची नव्वदीच्या उत्तरार्धातली तेजी, दोन्ही तुमच्या पहिल्या दोन टोकांच्या मध्ये आहेत. २००१ ची मंदी आणि २००७ ते २००९ ची मोठी मंदी पुढच्या दोन टोकांच्या मध्ये. रेघ ओढली की हे चढउतार पुसले जातात आणि आरोग्याच्या अभ्यासात तुम्हाला नेमके तेच हवे असतात: कारखाना बंद पडला, त्या वर्षी घराघरांतलं उत्पन्न किती पडलं, पुढच्या दोन-तीन वर्षांत मृत्युदराचं काय झालं. सॉफ्टवेअरला यातलं काहीच कळत नाही. तीन हजारांवर काउंट्यांचे ते गुळगुळीत आकडे खरे धरून ते अगदी छोटी प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) छापतं आणि निष्कर्ष भक्कम वाटायला लागतो.

आणखी एक चूक मी इतक्या प्रबंधांत पाहिली आहे की ती इथेच सांगून टाकते. १९९० च्या जनगणनेत विचारलेलं उत्पन्न १९८९ या वर्षाचं आहे आणि २००० च्या जनगणनेतलं १९९९ चं. ते १९९० आणि २००० या रकान्यांत टाकलं की सगळी मालिका वर्षभर सरकते.

आता हा आकडा मोजतो काय, ते नीट पाहू. मराठीत आपण हाउसहोल्ड आणि फॅमिली या दोन्हींना 'कुटुंब' म्हणतो आणि तिथेच पाय घसरतो. आपल्याकडच्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते चुलीवरून: एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. अमेरिकेत चूल मोजत नाहीत, राहण्याची जागा मोजतात. एका अपार्टमेंटमध्ये तीन मराठी विद्यार्थी राहतात, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, डाळ-तांदळाचे डबेसुद्धा वेगळे. तरी ते एकच हाउसहोल्ड आणि तिघांच्या स्टायपेंडची बेरीज हे त्या घराचं उत्पन्न. ते फॅमिली मात्र नाहीत, कारण फॅमिली व्हायला किमान दोन माणसं एकमेकांच्या नात्यातली लागतात. एकट्यानं राहणारी विधवा आजी हाउसहोल्ड आहे, फॅमिली नाही. म्हणून फॅमिलीचं मध्यक उत्पन्न घराच्या मध्यकापेक्षा सहसा जास्त येतं. जुन्या तक्त्यांत बऱ्याचदा फॅमिलीचाच आकडा दिलेला असतो. तो १९६९ चा म्हणून उचलून १९७९ च्या घराच्या आकड्याला जोडला, तर उत्पन्नात प्रत्यक्षात नसलेली घसरण दिसते. वसतिगृहं, तुरुंग, बराकी, वृद्धाश्रम यांत राहणारे लोक या मोजणीत येतच नाहीत.

मध्यकच का, सरासरी का नाही, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वायोमिंगमधली टीटन काउंटी. जॅक्सन होलची ती श्रीमंतांची वस्ती. आर्थिक विश्लेषण विभागाच्या, म्हणजे बीईएच्या आकड्यांत २०२१ साली तिथलं दरडोई वैयक्तिक उत्पन्न तीन लाख डॉलरच्या वर होतं. त्याच काळात तिथल्या मधल्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आसपास. दरडोई आकडा घराच्या आकड्यापेक्षा तिपटीनं मोठा, म्हणजे गणित उलटंच दिसतं. पण मूठभर घरांचा लाभांश आणि व्याज सगळ्यांच्या डोक्यावर वाटलं की असंच होणार. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईचं घर कसं चालतं हे तुम्हाला पाहायचं असेल, तर सरासरी तुम्हाला काही सांगणार नाही.

मग आकडे आणायचे कुठून? २००० पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणनेचा लाँग फॉर्म साधारण सहा घरांपैकी एका घरात जायचा आणि उत्पन्न त्यात विचारलं जायचं. २०१० च्या जनगणनेत तो फॉर्म उरला नाही. त्याची जागा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेनं, म्हणजे एसीएसनं, घेतली. हा सर्व्हे २००५ पासून देशभर पूर्ण प्रमाणात चालतो. हल्ली वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांचा नमुना असतो. पण एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या भागांसाठी येतात. बहुतेक काउंट्या त्याहून लहान आहेत, त्यांना पाच वर्षांचा एकत्र आकडाच मिळतो. पहिला पाच वर्षांचा संच २००५ ते २००९ चा होता. २०,००० च्या वरच्या भागांसाठी तीन वर्षांचे आकडेही निघायचे, ते २०११-१३ नंतर बंद झाले.

पाच वर्षांचा आकडा म्हणजे शेवटच्या वर्षाचा आकडा नव्हे, मधल्या वर्षाचाही नव्हे. साठ महिन्यांत घेतलेल्या मुलाखती एकत्र करून, सगळं उत्पन्न शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणून काढलेला तो मध्यक आहे. त्यातही प्रत्येक घराला विचारलेलं असतं ते मागच्या बारा महिन्यांचं उत्पन्न. जानेवारीत ज्याला विचारलं त्यानं मागच्या वर्षाचं सांगितलं, डिसेंबरमध्ये विचारलं त्यानं बरंचसं याच वर्षाचं. २००५-०९ च्या संचात मंदीआधीची चांगली वर्षंही आहेत आणि मंदीही, म्हणून तो आकडा दोन्हींपैकी कशाचंच खरं चित्र देत नाही. इंडियानातली एल्कहार्ट काउंटी घ्या. चाकांवरची घरं, म्हणजे आरव्ही, बनवणाऱ्या कारखान्यांवर तिथलं सगळं अवलंबून आणि मंदीत तिथली बेरोजगारी कित्येक पटींनी वाढली. लोकसंख्या ६५,००० च्या बरीच वर असल्यामुळे तिथे वर्षावर्षाचे आकडे आहेत, घसरण पाहता येते. शेजारच्या छोट्या काउंटीत तेच घडलं असेल, तर पाच वर्षांच्या आकड्यात ते विरघळून गेलेलं असतं.

याहून ठळक उदाहरण नॉर्थ डकोटातल्या मॅकेन्झी काउंटीचं. बाकेन तेलपट्ट्यातली ही काउंटी. २०१० मध्ये लोकसंख्या ६,३६०, २०२० मध्ये १४,७०४. त्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा वेगानं वाढलेली. तेलाची लाट आली, २०१४ च्या अखेरीस भाव कोसळले. इतक्या छोट्या जागेला ना एका वर्षाचा एसीएस मिळाला, ना तीन वर्षांचा. लागोपाठचे दोन पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवाल, तर दोन्हींत चार वर्षं सामायिक असतात. जो फरक दिसतो तो आत आलेल्या एका नव्या वर्षाचा आणि बाहेर गेलेल्या एका जुन्या वर्षाचा. म्हणून तुलना करायचीच तर न आच्छादणारे संच घ्या: २००९-१३ आणि २०१४-१८. शिवाय मध्यक वाढला म्हणून जुन्या घरांचं उत्पन्न वाढलं असं नाही. दुप्पट झालेल्या गावात मधलं घर बहुधा नवखं असतं. आणि कामगारांच्या छावण्यांमध्ये झोपणारे लोक हाउसहोल्ड नसल्यामुळे गणतीतच नाहीत.

म्हणून दरवर्षीचा आकडा हवा तर तुमचा मुख्य आधार जनगणना विभागाचाच दुसरा कार्यक्रम आहे: स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स, एसएआयपीई. गरीब मुलांच्या शाळांना मिळणारा केंद्राचा निधी दहा वर्षं जुन्या जनगणनेवर वाटला जाऊ नये, या गरजेतून तो वाढला. काउंट्यांसाठी तो १९८९, १९९३, १९९५ आणि मग १९९७ पासून दरवर्षी मिळतो. विद्यार्थ्यांना हा माहीत नसतो याचं मला दरवेळी वाईट वाटतं, कारण हवी असलेली बहुतेक सगळी मालिका त्यात तयार पडलेली असते.

पण तो मोजलेला आकडा नाही, मॉडेलचा आहे, हे समजून वापरा. त्याच्या मुळाशी रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत आहे. कल्पना अशी: प्रत्येक काउंटीसाठी दोन अंदाज असतात. एक थेट सर्व्हेतून आलेला, दुसरा रिग्रेशनमधून, म्हणजे इतर माहितीवरून उत्पन्नाचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणातून आलेला, ज्यात करविवरणपत्रांतलं उत्पन्न, बीईएचं वैयक्तिक उत्पन्न, आधीच्या जनगणनेतला मध्यक अशी सगळ्या काउंट्यांसाठी असणारी माहिती घातलेली असते. मग दोन्हींची भारित सरासरी. थेट अंदाज जितका डळमळीत, तितका त्याला मान कमी.

आकडे घालून पाहा. समजा, मॉडेलची चूक लॉगच्या (लॉगरिदमच्या) मापात ०.०५, म्हणजे साधारण पाच टक्के आहे. छोट्या काउंटीच्या थेट अंदाजाची प्रमाण त्रुटी ०.१२. वर्ग केले की ०.००२५ आणि ०.०१४४. थेट अंदाजाचा वाटा ०.००२५ भागिले ०.०१६९, म्हणजे जेमतेम १५ टक्के. उरलेले ८५ टक्के मॉडेलचे. मोठ्या काउंटीची त्रुटी ०.०१ असेल तर थेट अंदाजाचा वाटा ९६ टक्के होतो. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्यक्षात चित्र असंच असतं: शिकागोच्या कुक काउंटीचा आकडा बव्हंशी लोकांनी सांगितलेला, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीचा, जिथे २०२० मध्ये ६४ माणसं होती, जवळजवळ सगळा मॉडेलनं सांगितलेला.

याचा तुमच्या प्रबंधावर थेट परिणाम होतो. छोट्या काउंट्यांचे आकडे मॉडेलच्या रेषेकडे ओढलेले असतात, त्यामुळे काउंट्यांमधली विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसते. आणि एसएआयपीईचं उत्पन्न एका बाजूला ठेवून करविवरणपत्रांतलं किंवा बीईएचं उत्पन्न दुसऱ्या बाजूला ठेवून संबंध शोधाल, तर तो संबंध मॉडेलनं आधीच आत शिवलेला आहे. तुम्ही शोधलेला नाही. हे मी कळकळीनं सांगते आहे, कारण अशा संबंधावर उभं केलेलं आख्खं प्रकरण शेवटच्या महिन्यात काढून टाकताना मी एका विद्यार्थ्याला पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे २००५ चा सांधा. त्याआधी एसएआयपीई करंट पॉप्युलेशन सर्व्हेवर, म्हणजे रोजगार-बेरोजगारीच्या मासिक पाहणीवर, उभा होता. तो इतका छोटा की तीन वर्षांचे नमुने एकत्र करूनसुद्धा बहुतांश काउंट्यांमध्ये एकही घर नमुन्यात नसायचं. २००५ पासून एसीएस आला. प्रश्न विचारायची पद्धत वेगळी, उत्पन्नाचा काळ वेगळा. म्हणून २००४ आणि २००५ मधला फरक ही त्या काउंटीची बातमी मानू नका. रिग्रेशनमध्ये वर्षांचे फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक वर्षासाठी वेगळा स्थिरांक) घाला, आणि मालिका २००५ ला तोडून दोन तुकड्यांत तेच उत्तर येतं का ते पाहा.

आता उरली १९९० ते १९९२, १९९४ आणि १९९६. ही पाच वर्षं कुणीच मोजलेली नाहीत, ती तुम्हाला अंदाजानंच भरावी लागतील. मी असं करते: बीईएचं दरडोई वैयक्तिक उत्पन्न काउंटीवार १९६९ पासून दरवर्षी मिळतं. १९८९ आणि १९९३ साठी मध्यक आणि दरडोई यांचं गुणोत्तर काढायचं. हे गुणोत्तर हळू बदलतं, म्हणून सरळ रेष ओढायचीच तर या गुणोत्तराची ओढा, आणि मग त्या त्या वर्षाच्या दरडोई उत्पन्नानं गुणा. वर्षाचा चढउतार बीईए देतं, पातळी एसएआयपीई देतं. पद्धत चालते की नाही ते तपासायचं सोपं आहे: १९९५ झाकून ठेवा, १९९३ आणि १९९७ वरून ते भरा, मग झाकलेल्या आकड्याशी ताडून पाहा. सरासरी चूक किती टक्के येते ती प्रबंधात छापा.

दोन ठिकाणी ही पद्धत फसते. नेब्रास्का, डकोटा इथल्या शेतीवरच्या छोट्या काउंट्यांत बीईएचं उत्पन्न एका वर्षात प्रचंड वरखाली होतं: पिकाचा साठा, भाव, सरकारी अनुदान, सगळं त्यात येतं. तिथे एकूण उत्पन्नाऐवजी फक्त पगार-मजुरीचा घटक घ्या. आणि व्हर्जिनियात काउंटीबाहेरची स्वतंत्र शहरं आहेत. बीईए त्यातली अनेक शहरं शेजारच्या काउंटीत मिळवूनच आकडा देतं, जनगणना वेगळा देते. न जुळणाऱ्या ओळी सॉफ्टवेअर मुकाट्यानं गाळून टाकतं, म्हणून जोडणी झाल्यावर ओळी मोजा.

सीमांचा विषय निघालाच आहे तर: फ्लोरिडातली डेड काउंटी १९९७ मध्ये मायामी-डेड झाली आणि तक्ते जोडताना लागणारा तिचा कोड बदलला. कोलोरॅडोत २००१ मध्ये ब्रूमफील्ड नावाची नवी काउंटी चार काउंट्यांचे तुकडे घेऊन तयार झाली. साउथ डकोटातली शॅनन २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली. व्हर्जिनियाचं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. सगळ्यात मोठी उलथापालथ कनेक्टिकटची: २०२२ च्या एसीएसपासून तिथल्या आठ काउंट्या जाऊन नऊ नियोजन विभाग आले आहेत.

दोन भाग जोडायचे असतील तर मध्यकांची सरासरी काढायची नाही, लोकसंख्येचा भार देऊनसुद्धा नाही. मध्यकांवरून मध्यक निघत नाही. उत्पन्न-गटांचा तक्ता, बी१९००१, घ्यायचा. त्यात १६ गट आहेत. दोन्ही भागांतली घरं गटवार मिळवा. समजा एकूण १०,००० घरं झाली, त्यातली ४,७०० घरं ५०,००० डॉलरच्या खाली आहेत आणि पुढच्या ५०,००० ते ६०,००० च्या गटात ९००. पाच हजारावं घर त्या गटात ३०० घरं आत गेल्यावर सापडतं, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर: मध्यक सुमारे ५३,३३३. दहावीच्या पुस्तकातलं वर्गीकृत सामग्रीच्या मध्यकाचं गणित, तेच इथे कामी येतं. कनेक्टिकटच्या जुन्या काउंट्याही अशाच परत बांधता येतात, कारण तिथली १६९ गावं जुन्या आणि नव्या दोन्ही विभागांत पूर्णच्या पूर्ण बसतात.

त्रुटीमर्यादा फेकून देऊ नका. एसीएस प्रत्येक आकड्यासोबत ९० टक्क्यांची मर्यादा देतं, १.६४५ नं भागलं की प्रमाण त्रुटी. समजा एका छोट्या काउंटीत आधी ५२,००० अधिक-उणे ६,५०० आणि नंतर, न आच्छादणाऱ्या संचात आणि त्याच डॉलरमध्ये, ५७,००० अधिक-उणे ७,०००. पाच हजारांची वाढ डोळ्यात भरते. प्रमाण त्रुटी ३,९५१ आणि ४,२५५. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की फरकाची त्रुटी ५,८०७. फरक भागिले त्रुटी ०.८६, म्हणजे १.६४५ च्या बराच खाली. ही वाढ आहे असं म्हणता येत नाही. गावातल्या वर्तमानपत्रात मात्र तीच ठळक बातमी होते.

महागाईबद्दल थोडंच. देशाचा जनगणनेतला मध्यक १९८९ मध्ये ३०,०५६ डॉलर होता, १९९९ मध्ये ४१,९९४. वाढ ४० टक्के. नेहमीच्या ग्राहक किंमत निर्देशांकानं (१२४.० वरून १६६.६) १९८९ चा आकडा वर आणला की तो ४०,३८२ होतो आणि खरी वाढ ४ टक्क्यांवर येते. जनगणना विभाग एसीएसमध्ये सीपीआय-यू-आरएस ही याच निर्देशांकाची सुधारित मालिका वापरत आला आहे, त्यात खरी वाढ याहून जास्त दिसते. एकच निर्देशांक निवडा आणि सगळ्या तुकड्यांना तोच लावा. एसीएसचा पाच वर्षांचा आकडा आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतो, त्याला पुन्हा मधल्या वर्षाचा धरून वाढवू नका. आणि २०२० चा एक वर्षाचा एसीएस वापरू नका: कोविडमध्ये गरीब घरांचा प्रतिसाद इतका घटला की विभागानं तो फक्त प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध केला.

जुने काउंटीवार तक्ते हवेत तर मिनेसोटा विद्यापीठाचं एनएचजीआयएस हे जुन्या जनगणनांच्या तक्त्यांचं संकेतस्थळ पाहा, तिथे ते स्वच्छ लावलेले आहेत आणि विनामूल्य आहेत.

आता महाराष्ट्र. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हावार दरडोई उत्पन्न काढतं, ते आर्थिक पाहणीत छापून येतं. पण ते जिल्ह्यात निर्माण झालेल्या उत्पादनाच्या मूल्याला लोकसंख्येनं भागलेलं आहे. रायगडमधल्या बंदराचं आणि कारखान्यांचं मूल्य रायगडच्या खात्यात पडतं. ते पोलादपूरच्या घरात पोचलं की मुंबईतल्या कंपनीच्या भागधारकाकडे गेलं, हे त्या आकड्याला माहीत नाही. टीटन काउंटीचीच अडचण, फक्त वेगळ्या रस्त्यानं आलेली. त्यावरून मध्यक निघत नाही. आपल्याकडे करविवरणपत्रं भरणारी घरं इतकी थोडी आहेत की अमेरिकेतला मुख्य आधारच इथे मिळत नाही. तुम्हाला प्रयत्न करायचाच असेल तर उत्पन्न सोडा आणि खर्च घ्या: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीतून जिल्ह्याचा थेट मध्यक काढा, त्याची त्रुटी काढा, आणि २०११ च्या जनगणनेतले घर, गॅस, दुचाकी, शौचालय यांचे जिल्हावार तक्ते रिग्रेशनमध्ये घालून फे-हेरियट लावा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात नमुना लहान असेल, तिथे थेट अंदाजाला किती भार मिळाला तो आकडा तक्त्यात वेगळा रकाना करून दाखवा.